पाण्यातून होणारा आतड्यांचा परजीवी संसर्ग कसा ओळखायचा? बडोदेकरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात बडोद्यात घरोघरी कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलं असतं. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतं. ज्यांचं येत नाही, किंवा आल्यासारखं वाटून आठवड्याभरात पुन्हा बिघडतं, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. निदान डॉक्टरच करतील. पण त्यांच्याकडे कधी जायचं, काय सांगायचं आणि जाण्याआधी काय करायचं नाही, हे घरच्यांनाच ठरवावं लागतं.

दोन दिवस जुलाब होताहेत. हा परजीवी आहे की साधं पोट बिघडलंय?

दोनच दिवस झाले असतील तर बहुधा साधंच. फरक ओळखायचा तो आधी दिवस मोजून. खाल्ल्यानंतर १ ते ६ तासांत उलट्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेल्या जिवाणूंच्या विषाचा संशय धरतात. एक-दोन दिवसांनी ताप, उलट्या आणि जुलाब एकदम आले, तर विषाणू किंवा जिवाणू. परजीवी मात्र उशिरा उगवतात. जिआर्डियाला पोटात गेल्यापासून साधारण एक ते दोन आठवडे लागतात, क्रिप्टोस्पोरिडियमला आठवडाभर, आणि अमीबाला दोन ते चार आठवडे, कधी काही महिनेसुद्धा.

म्हणून काल रात्रीच्या सेव-उसळीला दोष देण्याआधी दोन-तीन आठवडे मागे जाऊन आठवा. नळाला गढूळ किंवा वास येणारं पाणी आलं होतं का? गल्लीत लाइन खणली होती का? लग्नात, सहलीत कुठलं पाणी प्यायलात? ही तारीख डॉक्टरांना सांगितलीत तर त्यांचं अर्धं काम होतं.

दुसरी खूण म्हणजे मुक्काम. जुलाब १४ दिवसांहून जास्त चालले तर परजीवीचा विचार करायलाच हवा. आणि तिसरी, चढउतार: चार दिवस बरं, तीन दिवस वाईट, पुन्हा बरं. विषाणूचा जुलाब असा रेंगाळत नाही. अर्थात शौचात रक्त दिसलं तर १४ दिवस मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

हे परजीवी म्हणजे जंत का?

नाही. जंत डोळ्यांना दिसतात. हे एकपेशीय जीव सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. आपल्याकडे पाण्यातून येणारे मुख्य तीन: जिआर्डिया, अमीबा (पूर्ण नाव एंटामीबा हिस्टॉलिटिका) आणि क्रिप्टोस्पोरिडियम. चौथा सायक्लोस्पोरा, तो पाण्याबरोबर कच्च्या पालेभाजी-कोथिंबिरीवरूनही येतो.

तिसऱ्याच माणसाच्या शौचातून बाहेर पडताना ते स्वतःभोवती कवच बांधून घेतात. या कवचबंद रूपाला सिस्ट म्हणतात (क्रिप्टोस्पोरिडियम आणि सायक्लोस्पोराच्या बाबतीत ऊसिस्ट). थंड, ओलसर जागी ती आठवडेच्या आठवडे टिकते. जिआर्डियाच्या अशा दहा सिस्टही आजारी पाडायला पुरतात, आणि त्या इतक्या बारीक की पेलाभर पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. पाणी दिसायला चांगलं होतं, हा पुरावा इथे चालत नाही.

जिआर्डियाची नेमकी खूण काय?

शौच आणि वास. जिआर्डिया लहान आतड्याच्या वरच्या भागात भिंतीला चिकटून बसतो आणि तिथे स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहीत. ते तसेच बाहेर पडतात. म्हणून शौच फिकट पिवळसर, चिकट, तेलकट होतं, भांड्याला चिकटतं, पाण्यावर तरंगतं, एकदा फ्लश करून जात नाही, आणि त्याला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त घाण वास येतो. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं. सुरुवातीचे काही दिवस शौच पाण्यासारखंही असू शकतं.

त्याबरोबर पोट फुगतं, गुडगुडतं, गॅस होतो, जेवल्यावर मुरडून येतं. ढेकरांना सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. ही खूण लोक सांगायला लाजतात. सांगा, डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो. भूक मंदावते, थकवा येतो, काही आठवड्यांत कपडे सैल होतात. रक्त मात्र पडत नाही, आणि जोराचा ताप सहसा येत नाही. रक्त असेल तर दुसरं कारण शोधायला हवं.

बरेच जण याला महिनोन्‌महिने ‘ऍसिडिटी’ समजून अंगावर काढतात आणि ऍसिडिटीच्या गोळ्या खात राहतात. गॅसबरोबर वजन उतरत असेल तर ते नुसतं पित्त नव्हे.

आव पडते, थोडं रक्तही दिसतं. अमीबाच असेल ना?

असेलच असं नाही, आणि इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. आव आणि रक्त दोन वेगळ्या आजारांत पडतं.

शिगेला नावाच्या जिवाणूने होणारी हगवण झपाट्याने येते: एक ते तीन दिवसांत चढा ताप, दिवसातून दहा-पंधरा वेळा थोडं थोडं शौच, माणूस आडवाच होतो. अमीबाची हगवण हळूहळू चढते. आधी आठवडाभर पोटात कुरकुर, मग दिवसातून पाच-सहा वेळा आव, मग आवेत रक्ताच्या रेघा. मुरडा येतो, जाऊन आलं तरी साफ झाल्यासारखं वाटत नाही, पुन्हा जोर लावावासा वाटतो. ताप बहुतेकांना नसतो. माणूस हिंडता-फिरता असतो, कामावरही जातो, म्हणूनच दाखवायला उशीर होतो.

अमीबा मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरून तिथे व्रण करतो. रक्त येतं ते त्या व्रणांतून. मूळव्याधीचं रक्त वेगळं दिसतं: लालभडक, शौचाच्या वरून किंवा शेवटी थेंब थेंब, आणि शौच बांधलेलं. आवेत मिसळलेलं रक्त मूळव्याधीच्या नावावर खपवू नका. आणि पन्नाशीपुढच्या माणसाला महिनाभर असं होत असेल, तर परजीवी सापडला किंवा न सापडला तरी आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचाराच.

जुलाब नाहीत, पण ताप आहे आणि उजव्या बरगडीखाली दुखतं. याचा पाण्याशी काय संबंध?

संबंध असू शकतो, आणि हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. काही रुग्णांत अमीबा आतड्यातून रक्तावाटे यकृतात पोचतो आणि तिथे पू धरतो. थंडी वाजून ताप, उजवीकडे बरगड्यांखाली सतत ठसठस, खोकलताना किंवा उजव्या कुशीवर झोपताना वाढणारं दुखणं, कधी उजव्या खांद्यात कळ, घाम, वजन घटणं, ही त्याची लक्षणं. मुलांपेक्षा आणि बायकांपेक्षा हा आजार मोठ्या पुरुषांत कितीतरी जास्त दिसतो.

फसवणूक अशी की यातल्या बऱ्याच जणांना त्या वेळी जुलाब नसतातच, आणि शौचाची तपासणीही कोरी येते. निदान पोटाच्या सोनोग्राफीने आणि रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीने होतं. पावसाळ्यात ताप आला की मलेरिया, डेंगी, टायफॉइड एवढ्याच तपासण्या होतात. बरगडीखालचं दुखणं तुम्ही सांगितलं नाही, तर सोनोग्राफी कुणाला सुचणार नाही.

पाण्यासारखे जुलाब आठवडाभर थांबत नाहीत. कॉलरा?

कॉलरा आठवडाभर वाट पाहत नाही. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब होऊन काही तासांतच माणूस गळतो; तसं असेल तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा.

आठवडा ते पंधरवडा चालणारे पातळ, पाणचट जुलाब, पोटात कळा, बारीक ताप, मळमळ, यात क्रिप्टोस्पोरिडियमचा संशय घेतात. धडधाकट माणसात तो साधारण दोन आठवड्यांत आपोआप जातो. दोन वर्षांखालची, कमी वजनाची मुलं, एचआयव्हीचे रुग्ण, अवयव बदललेले किंवा केमोथेरपी चालू असलेले रुग्ण, यांच्यात तो जिवावर बेतू शकतो.

लहान मुलांत काय बघायचं?

मूल पोट दुखतं एवढंच सांगतं, तेही बेंबीभोवती बोट फिरवून. म्हणून आईवडिलांनी बघायचं ते वेगळं: वजन वाढायचं थांबलंय का, पोट फुगलेलं आणि हातपाय काटक्या होताहेत का, दूध प्यायलं की लगेच जुलाब होतात का, खेळायचा उत्साह कमी झालाय का. जिआर्डिया वारंवार झालेल्या मुलाची वाढ खुंटू शकते. अंगणवाडीतल्या किंवा बालरोगतज्ज्ञांच्या वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ आडवी झाली असेल, तर तीसुद्धा जिआर्डियाची खूण असू शकते.

जुलाब चालू असताना खरा धोका पाणी कमी होण्याचा. जीभ कोरडी, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल, बाळाची टाळू बसलेली, सहा-आठ तास लघवी नाही, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश बसते, मूल पेंगुळलेलं किंवा पाणी प्यायलाही नको म्हणतं: यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही.

तोवर ओआरएस. मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यातच घोळायची, अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात नव्हे. छोटी पुडी २०० मिलीची असते. पुडीवरचं वाचून घ्या. केलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. पुडी नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा हात सढळ झाला तर बाळाला अपाय होतो, म्हणून चमचा सपाट करूनच घ्या. फळांच्या चवीचे गोड टेट्रापॅक हे ओआरएस नव्हे; जास्त साखरेने जुलाब वाढतात.

अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलीग्रॅम रोज, १४ दिवस. त्याहून लहान बाळाला डॉक्टरांच्या सल्ल्याने १० मिलीग्रॅम. जुलाब चार दिवसांत थांबले तरी झिंक पुरे १४ दिवस.

शाळेत जंताची गोळी दिली होती. तरी होईल?

होईल. अल्बेंडाझोलचा तो एक डोस गोलकृमी वगैरे जंतांसाठी असतो. एका गोळीने अमीबा किंवा जिआर्डिया जात नाही. आणि रात्री गुदद्वारापाशी खाज येत असेल तर ते सुतकृमी, त्यांचा पाण्याशी संबंध नाही.

बडोद्याचं पाणी शुद्ध करून येतं, मग परजीवी येतात कुठून?

शहराला पाणी मुख्यतः दोन वाटांनी येतं. एक आजव्याचं, सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या सरोवरातलं, जे निमेट्याला शुद्ध होतं. दुसरं मही नदीचं: फाजलपुर, रायका, दोडका, पोइचा इथल्या फ्रेंच विहिरींतून, म्हणजे नदीच्या वाळूतून झिरपून आलेलं. या टोकाला सहसा अडचण नसते. अडचण होते ती शेवटच्या काही शे मीटरांत.

पाणी दिवसातून ठरावीक वेळच येतं. उरलेल्या वेळी पाइप रिकामा, दाब नाही. शेजारून गटाराची लाइन जात असेल आणि दोन्ही सांधे जुने असतील, तर बाहेरचं घाण पाणी आत झिरपतं. त्यात कुणी लाइनला थेट मोटर लावून पाणी ओढलं, की पाइपात ओढ तयार होते आणि आत शिरणाऱ्या घाणीला जोर मिळतो. थेट लाइनवरची मोटर म्हणजे साऱ्या गल्लीच्या पोटाशी खेळ आहे. सोसायटीच्या बैठकीत हे स्पष्ट बोलायला हवं.

यावरून एक साधी सवय निघते. नळ आल्यावर पहिली पाचेक मिनिटं पाणी पिण्यासाठी भरू नका; बादलीत घेऊन फरशी-झाडांना वापरा. रात्रभर पाइपात शिरलेलं सगळं त्या पहिल्या पाण्याबरोबर येतं. वास किंवा रंग आला तर काचेच्या बाटलीत नमुना धरा, वेळ लिहा, वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या आणि शेजारच्या चार घरांनाही द्यायला लावा. एका घराची तक्रार घरातल्या टाकीवर ढकलता येते, चार घरांची नाही.

वाड्यांत आणि जुन्या पोळांमध्ये, दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत, जमिनीखालच्या टाक्या शौचकूपाच्या किंवा गटाराच्या अगदी जवळ असतात. टाकीच्या भिंतीला ओल धरली असेल तर ती ओल कुठली आहे ते आधी शोधा.

पूर ओसरून तीन आठवडे झाले, आता जुलाब. पुराचाच परिणाम?

शक्य आहे. २०१९ च्या जुलैअखेरीस आणि २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हा जमिनीखालच्या टाक्या, बोअरची तोंडं आणि गटारं एकाच पाण्याखाली होती. चिखल वाळला, घर पुसलं, सगळे पूर विसरले, आणि मग अमीबा, जिआर्डियाची वेळ येते. पुरानंतर महिनाभर पिण्याचं पाणी उकळलेलंच हवं.

उकळायचं, क्लोरीन टाकायचं की आरओ?

उकळणं निर्विवाद. पाणी खळखळून उकळू लागल्यावर पुरं एक मिनिट. बडोद्याच्या उंचीला तेवढं पुरे. वाफ दिसली की गॅस बंद, हे पुरेसं नाही. हे चारही परजीवी उकळण्याने मरतात. बिघडतं ते पुढे: उकळलेलं पाणी नळाच्या पाण्याने विसळलेल्या माठात ओततात आणि त्यात पेला धरलेला हात बुडतो. तोटीचा माठ घ्या, किंवा लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

क्लोरीनने जिवाणू लवकर मरतात, जिआर्डियाला जास्त वेळ लागतो, आणि क्रिप्टोस्पोरिडियमला पिण्याच्या पाण्यातल्या क्लोरीनने जवळजवळ काहीच होत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी पिऊन सुमारे ४ लाख लोक यानेच आजारी पडले. म्हणून क्लोरीनची गोळी नसण्यापेक्षा बरी, पण अशक्त मुलासाठी किंवा केमोथेरपीच्या रुग्णासाठी तिच्यावर विसंबू नका.

आरओचा पडदा हे सगळे जीव अडवतो. पण पडद्याच्या कडेची सील गळकी असेल तर पाणी पडद्याला वळसा घालून जातं, आणि साठवण टाकी वर्षानुवर्षं धुतलेली नसते. यूव्हीने जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम दोन्ही निकामी होतात, मात्र पाणी गढूळ असेल तर किरण पोचत नाहीत. शिवाय दिवा पेटलेला दिसला तरी जुना झाल्यावर त्याचा जोर उतरतो, तो ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो. फडक्याने गाळून चिखल जातो, सिस्ट जात नाहीत. तुरटीने गाळ खाली बसतो, काही सिस्टही बसतात, पण तेवढ्यावर पाणी पिऊ नका.

घरात उत्तम मशीन असूनही संसर्ग होतो तो बहुधा आडवाटेने. नळाच्या पाण्याने दात घासणं, त्याच पाण्यात कोथिंबीर आणि काकडी धुऊन कोशिंबीर करणं, उसाच्या रसातला बर्फ, पाणीपुरीचं पाणी, आणि गणपतीत दहा घरांचं तीर्थ आणि पंचामृत. तीर्थ उकळून गार केलेल्या पाण्याचं करायला कुठलंच शास्त्र आड येत नाही.

शौचाची तपासणी कशी द्यायची? एकदा दिली, त्यात काही आलं नाही.

एका कोऱ्या रिपोर्टने परजीवी नाही असं ठरत नाही. जिआर्डियाच्या सिस्ट रोज सारख्या पडत नाहीत. आज असतात, उद्या नसतात. म्हणून तीन नमुने एक दिवसाआड, दहा दिवसांच्या आत द्यायचे.

नमुना घेण्याआधी गोळ्या सुरू करू नका, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मेट्रोनिडाझोल या परजीवींवरच्या औषधाच्या दोन गोळ्यांनीसुद्धा परजीवी दिसेनासे होतात, आजार मात्र राहतो. प्रतिजैविक, जुलाब थांबवायची औषधं, तेलकट रेचकं किंवा बेरियमची तपासणी अलीकडे झाली असेल तर लॅबला सांगा.

लॅबमधून रुंद तोंडाची झाकणाची डबी आणा. कमोडवर आडवं प्लास्टिक किंवा जुनं वर्तमानपत्र धरून त्यावर शौच घ्या. कमोडच्या पाण्यातून उचललेला नमुना उपयोगाचा नाही, कारण पाणी आणि लघवी लागली की जिवंत अमीबा फुटून जातो, फिनाइलनेही तेच. आव किंवा रक्त असलेला भाग निवडून अक्रोडाएवढा घ्या. पातळ असेल तर दोन-तीन चमचे. डबीवर नाव आणि वेळ लिहा.

मग घाई. पातळ शौचातला हलता अमीबा अर्ध्या तासात मरून ओळखेनासा होतो, म्हणून शक्य असेल तर लॅबमध्ये जाऊनच नमुना द्या. बांधलेलं शौच दोनेक तासांत पोचलं तरी चालतं. स्कूटरच्या डिकीत उन्हात ठेवून ऑफिस गाठायचं आणि दुपारी लॅबला जायचं, असल्या नमुन्यातून कुणालाच काही सापडणार नाही.

नेहमीच्या तपासणीत क्रिप्टोस्पोरिडियम आणि सायक्लोस्पोरा शोधतच नाहीत. त्यासाठी ‘ऍसिड-फास्ट’ रंग लावून बघावं लागतं. जुलाब पाणचट आणि लांबलेले असतील तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर तसं लिहून घ्या. जिआर्डिया आणि अमीबासाठी अँटिजेन तपासणीही असते (शौचात परजीवीची प्रथिनं शोधणारी), ती सूक्ष्मदर्शकापेक्षा कमी चुकते.

रिपोर्टमध्ये अमीबाची सिस्ट आली, पण मला काहीच त्रास नाही. औषध घ्यायचं?

रिपोर्ट नीट वाचायला हवा. एंटामीबा डिस्पार नावाचा निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब हिस्टॉलिटिकासारखाच दिसतो. म्हणून प्रामाणिक लॅब दोन्ही नावं जोडून लिहिते. हलत्या अमीबाच्या पोटात लाल रक्तपेशी दिसल्या तर तो खरा धोक्याचा. नाहीतर अँटिजेन किंवा पीसीआरने फरक करतात. खराच हिस्टॉलिटिका निघाला तर त्रास नसतानाही उपचार करतात, कारण तो पुढे आजार करू शकतो आणि घरातल्यांना देऊ शकतो. एंटामीबा कोलाय किंवा एंडोलिमॅक्स लिहिलं असेल तर त्यावर औषध लागत नाही. मात्र ते असणं म्हणजे कुठूनतरी शौचाने दूषित पाणी किंवा अन्न पोटात गेलंय.

मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणून घेतलं तर काय बिघडतं?

बरंच. बहुतेक जण दोन-तीन दिवस घेतात, बरं वाटलं की सोडतात. जिआर्डियाला मेट्रोनिडाझोल साधारण पाच ते सात दिवस लागतं, किंवा मोठ्या माणसाला टिनिडाझोल २ ग्रॅमचा एकच डोस. काही वेळा नायटाझोक्झानाइड तीन दिवस. अमीबाला मेट्रोनिडाझोल सात ते दहा दिवस, आणि त्यानंतर दुसरा टप्पा: डायलोक्झानाइड ५०० मिलीग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस. हा दुसरा टप्पा सर्रास चुकतो. पहिलं औषध आतड्याच्या भिंतीतला अमीबा मारतं, पोकळीतल्या सिस्ट राहतात. सहा महिन्यांनी ‘पुन्हा अमीबा झाला’ म्हणतात, तो कित्येकदा गेलेलाच नसतो.

हे आकडे चिठ्ठी समजून घेण्यासाठी दिले आहेत, स्वतः डोस ठरवण्यासाठी नाहीत. गरोदर बाई, यकृताचा आजार, रक्त पातळ करायच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेली माणसं यांना वेगळा विचार लागतो. मेट्रोनिडाझोलने तोंडात धातूसारखी चव येते, लघवी गडद होते. घाबरायचं कारण नाही. हातापायांना मुंग्या आल्या तर मात्र लगेच कळवा. औषध चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू पूर्ण बंद.

ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोलची एकत्र गोळी ‘सगळ्यावर चालते’ म्हणून दिली जाते. निदान नसताना ती घेणं म्हणजे तपासणीही बिघडवणं आणि जिवाणूंना प्रतिजैविकाची सवय लावणं. जुलाब बंद करणारी लोपेरामाइड तर ताप किंवा रक्त असताना मुळीच नको, आणि मुलांना कधीच नको.

कोर्स पूर्ण झाला, तरी चहा प्यायला की पोट फुगतं.

बहुधा परजीवी गेलाय, पण आतड्याचं अस्तर अजून भरून आलेलं नाही. जिआर्डियानंतर दुधातली साखर पचवणारं विकर काही आठवडे कमी पडतं. महिनाभर दूध, बासुंदी, पेढे, आइस्क्रीम बंद. दही आणि ताक बहुतेकांना चालतं. त्यातून फरक पडला तर कारण तेच होतं. वजन उतरतच असेल, किंवा चिकट शौच परत आलं, तर त्याच गोळ्या पुन्हा घेण्याआधी पुन्हा तपासणी.

घरात एकाला निघाला. बाकीच्यांनी काय करायचं?

लक्षणं असलेल्यांनी तपासणी, आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीनेही. सर्वांना सरसकट गोळ्या देऊ नका. शौचानंतर, बाळाचं लंगोट बदलल्यावर आणि कणीक मळण्याआधी साबणाने निदान २० सेकंद हात धुवा, नखांखालूनसुद्धा. हातावर चोळायच्या सॅनिटायझर जेलने सिस्ट मरत नाहीत. संडासाची कडी, फ्लशचं बटण आणि टमरेलाचा कान रोज धुवा. तिथूनच हाताला लागतं.

टाकी दूषित झाली असेल तर ती कशी साफ करायची?

मोटरची वीज बंद करा. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरू नका, झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि वर एक माणूस उभा ठेवा. सगळं पाणी आणि तळाचा गाळ उपसा. भिंती आणि तळ ब्रशने घासा. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनने मरत नाही, तो घासून आणि वाहूनच जातो, म्हणून घासण्यात कसर नको.

मग दर १००० लिटरला साधारण १५० ते २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत ओता आणि टाकी काठोकाठ भरा. घरातले सगळे नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा. रात्रभर ठेवा, सकाळी ते पाणी पूर्ण सोडून द्या, एकदा विसळून मग नेहमीचं पाणी घ्या. ब्लीचिंग पावडरमध्ये ऍसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. पुडा उघडून महिनोन्‌महिने पडलेला असेल तर त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं, नवा आणा.

मुलाला शाळेत आणि पोहायला कधी पाठवायचं?

जुलाब थांबून पुरे दोन दिवस झाले की शाळेत. तलावात मात्र क्रिप्टोस्पोरिडियम झाला असेल तर जुलाब थांबल्यानंतर दोन आठवडे नाही. मूल बरं दिसलं तरी तोवर ऊसिस्ट बाहेर पडत असतात आणि तलावाच्या क्लोरीनमध्ये त्या कित्येक दिवस जिवंत राहतात.